नव्वद दिवसांचा पाहुणा : दुकानाच्या जुन्या पीसीत व्हर्च्युअलबॉक्स टाकून विंडोज ११ ची ट्रायल

आमचं दुकान नाशिकरोडला, बिटको चौकातून आत वळलं की चालत पाच मिनिटं. झेरॉक्स, लग्नपत्रिका, हँडबिल, ऑनलाइन फॉर्म, ठेकेदारांची टेंडरं अपलोड करणं, म्हणजे टेबलावर कॉम्प्युटर आहे म्हणून जे जे काम आत येतं ते सगळं. तीन पीसी आहेत. दोन आय-फाइव्ह चौथ्या पिढीचे, ४५९० वाला प्रोसेसर, १६ जीबी रॅम, मध्ये एकदा एसएसडी टाकून घेतलेली, विंडोज १०. तिसरा म्हातारा, त्यावर विंडोज ७ आणि ते पण ३२ बिट, म्हणजे जुन्या प्रकारचं (नवीन ६४ बिट असतं), नेटची वायर काढून ठेवलीय, त्याला आम्ही आजोबा म्हणतो आणि लग्नसराईत सगळ्यात जास्त कमाई आजोबाच करतात, कारण मराठी टायपिंगचं जुनं डाँगलवालं (म्हणजे पीसीला एक छोटी चावी लावली तरच चालणारं) सॉफ्टवेअर आणि पंधरा वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली त्याच्यातच आहेत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. मी एमजी रोडवर एका दुकानात चौकशीला गेलो तर तिथला माणूस म्हणे तिन्ही भंगारात टाका, सव्वा लाखात तिन्ही नवीन बसवून देतो. म्हटलं आमचं मराठीचं सॉफ्टवेअर जुनं आहे, डाँगल आहे, ते चालेल का? "सगळं चालतं हो साहेब." आता हे 'सगळं चालतं' म्हणणारा माणूस विकून झाल्यावर फोन उचलतो का हा माझा जुना प्रश्न आहे, म्हणून मी चहा पिऊन परत आलो. भाऊबीजेला बहिणीकडे सिडकोत गेलो होतो तिथे भाचा म्हणाला, मामा, सव्वा लाख घालण्याआधी फुकटात ट्रायल टाकून बघ ना, विंडोजच्या आत विंडोज चालतं, आवडलं नाही तर डिलीट मार. तो आयटीतला आहे, मी नाही, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते टेबलावर बसून शिकलेलं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, व्हर्च्युअल मशीन म्हणजे घरातल्या घरात भाड्याने दिलेली खोली. तुमचाच प्रोसेसर, तुमचीच रॅम, पण त्यातला एक तुकडा कापून द्यायचा आणि त्या तुकड्याला वाटतं की आपण अख्खा वेगळा कॉम्प्युटर आहोत. बाहेरच्याला होस्ट म्हणतात, आतल्याला गेस्ट, म्हणजे यजमान आणि पाहुणा. पाहुण्याने आत कितीही गोंधळ घातला, व्हायरस आणला, फाइली उडवल्या, तरी यजमानाच्या खोलीला सहसा धक्का लागत नाही. सहसा म्हणतोय, कारण मधला दरवाजा तुम्हीच उघडा ठेवला तर मग काय. त्यावर पुढे येतो.

मी वापरलं व्हर्च्युअलबॉक्स, ७.२ व्हर्जन. हे मूळचं इनोटेक नावाच्या जर्मन कंपनीचं, २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने घेतलं, २०१० मध्ये सनलाच ओरॅकलने घेतलं, म्हणजे सॉफ्टवेअर तेच आणि मालक तिसरा, आमच्या गल्लीतल्या मेडिकलसारखं. फुकट आहे आणि ओपन सोर्स आहे. फक्त दुकानवाल्यांनी एक लक्षात ठेवा, त्याच्यासोबत एक्स्टेंशन पॅक नावाची वेगळी फाइल मिळते, ती घरगुती आणि शिक्षणाच्या वापरासाठीच फुकट आहे, धंद्यासाठी लायसन्स लागतं. पूर्वी यूएसबी २ आणि ३ साठी तो पॅक लागायचा, आता ७.० पासून यूएसबीचं सगळं मूळ पॅकेजमध्येच आलंय, त्यामुळे मला त्याची गरजच पडली नाही आणि मी टाकला पण नाही. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो पण नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना फुकट झालंय, धंद्यालासुद्धा, पण भाच्याचा हात व्हर्च्युअलबॉक्सवर बसलेला म्हणून ते घेतलं. विंडोजचं स्वतःचं याच कामाचं हायपर-व्ही पूर्ण रूपात होम एडिशनमध्ये नसतं, प्रो लागतं, आमच्याकडे होम, विषय संपला.

आता ट्रायल. मायक्रोसॉफ्टच्या इव्हॅल्युएशन सेंटरवर विंडोज ११ एंटरप्राइज ९० दिवसांसाठी मिळतं. एक फॉर्म भरायचा, नाव, कंपनी, ईमेल वगैरे, मग आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी इन्स्टॉलची सीडी एका फाइलीत, ती उतरवायची, पाच जीबीच्या आसपास आहे. की-बी काही टाकायची नाही. इथेच एक अट नीट वाचा, ही कॉपी बघण्यासाठी आहे, रोजच्या धंद्याच्या कामासाठी नाही, आणि ९० दिवसांनी हिलाच पैसे भरून पक्की करता येत नाही, परत नव्याने इन्स्टॉल करावं लागतं. म्हणून मी ठरवलं की गिऱ्हाइकाचं खरं काम आत करायचं नाही, मागच्या वर्षीच्या जुन्या पत्रिका आणि हँडबिलं परत बनवून बघायची. ठरवलं खरं, पाळलं किती ते शेवटी कळेल.

पहिल्या दिवशी मीच घाण केली. मशीन सुरूच होईना. कारण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, इंटेल व्हर्च्युअलायझेशन बंद होतं, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर जाऊन सीपीयूवर क्लिक केलं की खाली लिहिलेलं असतं व्हर्च्युअलायझेशन चालू की बंद, हे आधी बघायचं असतं, मी तासभर डोकं फोडल्यावर बघितलं. ते चालू केलं, मग दुसरी गंमत, आयएसओवरून बूट होताना एक ओळ येते की कोणतंही बटन दाबा, आणि ती ओळ जेमतेम काही सेकंद थांबते. मी तेवढ्यात गिऱ्हाइकाला आधारची झेरॉक्स देत होतो. परत येऊन बघतो तर काळी स्क्रीन आणि नुसतं 'शेल' लिहिलेलं, मला वाटलं गेलं सगळं. काही नाही, रीसेट मारायचं आणि यावेळी बटनावर बोट ठेवून बसायचं. मशीन बनवताना 'अनअटेंडेड इन्स्टॉलेशन वगळा' असा एक चौकोन असतो त्याच्यावर टिक मारा असं भाच्याने बजावलं होतं, ते मात्र मी इमानदारीत केलं.

आणि मग कासव. खिडकीच्या खाली उजव्या कोपऱ्यात छोटी चित्रं असतात, त्यात हिरवं कासव दिसलं तर समजायचं तुमचं व्हर्च्युअलबॉक्स विंडोजच्या हायपर-व्हीच्या डोक्यावर बसून चाललंय आणि म्हणून रखडतंय. मला आधी वाटलं कासव म्हणजे काहीतरी शुभ असेल, देवळात असतं तसं. आमच्याकडे झालं असं की मागे कोणीतरी विंडोज फीचर्समध्ये जाऊन व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म चालू करून ठेवलं होतं (मीच असणार, दुसरं कोण हात लावतं), ते बंद केलं, रीस्टार्ट केला, कासव गेलं आणि फरक लगेच जाणवला. कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटिग्रिटी चालू असेल तरी कासव येतं, पण ते सुरक्षेसाठी असतं, ते बंद करताना दोनदा विचार करा, निदान ट्रायल संपल्यावर परत चालू करा.

१६ पैकी ८ जीबी रॅम पाहुण्याला दिली, चारपैकी दोन कोअर दिले. रॅमच्या पट्टीवर हिरवा भाग असतो, त्याच्या पुढे ओढायचं नाही, ओढलं की यजमानच उपाशी राहतो. डिस्क ८० जीबीची दाखवली पण ती फुगणारी असते, म्हणजे खरी जागा वापराल तेवढीच जाते. एवढंच की फुगते आपोआप आणि आकसत नाही, आतून दहा जीबी उडवले तरी बाहेर फाइल तेवढीच जाडजूड राहते, लग्नानंतर आमच्यासारखी.

ही झाली गाऱ्हाणी, आता मला जे खरंच आवडलं ते. स्नॅपशॉट. आहे त्या क्षणाचा फोटो काढून ठेवायचा, मग आत वाट्टेल ते करायचं, बिघडलं की फोटोवर परत. रामकुंडावर डुबकी मारली की मागचं धुतलं जातं म्हणतात ना, तसं, फक्त इथे खरोखर धुतलं जातं आणि गुरुजींना दक्षिणा नाही. मी इन्स्टॉल झाल्यावर एक काढला, प्रिंटर बसल्यावर एक काढला. एकदा आत अपडेट चालू असताना लाईट गेली, यूपीएस टीं टीं करायला लागला आणि माझा यूपीएस म्हणजे नावाला, दोन मिनिटांत सगळं बंद. परत चालू केल्यावर आतलं विंडोज काही केल्या वर येईना. आधीचा स्नॅपशॉट उचलला, पाच मिनिटांत परत जागेवर. खऱ्या पीसीवर हे झालं असतं तर दोन दिवस गेले असते आणि वर माझं बीपी. स्नॅपशॉट जागा खातात हे खरं, दहाबारा काढून ठेवले तर एसएसडी भरते, कामापुरतेच ठेवायचे.

गेस्ट ॲडिशन्स नावाची एक गोष्ट आत बसवावी लागते, त्याशिवाय स्क्रीन मोठी होत नाही आणि कॉपी-पेस्ट आतबाहेर होत नाही. त्यातच शेअर्ड फोल्डर मिळतं, बाहेरचं एक फोल्डर आत दिसतं. हाच तो मधला दरवाजा, जो मी वर म्हटला. मी आख्खी डी ड्राइव्ह शेअर करणार होतो, भाचा ओरडला, मग फक्त एक रिकामं फोल्डर केलं आणि तेवढंच दिलं.

फुल स्क्रीन केलं की कळतच नाही की आपण आत आहोत. प्रेसमधून रिटायर झालेले एक काका रोज पेपर वाचायला दुकानात येतात, ते बघत बसले आणि म्हणाले, "म्हणजे हे टीव्हीत टीव्ही लावल्यासारखं झालं की." बरोबर काका. आमच्या टायपिंगच्या ताई तर दोनदा घरी जाताना आतलं शटडाऊन करून गेल्या आणि बाहेरचा पीसी रात्रभर चालू.

स्पीडचं खरं सांगतो. उघडझाप, ब्राउझर, पीडीएफ, फॉर्म भरणं, ठीक चालतं. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठा फोटो घेतला की हात जड पडतो, कारण आत खरं ग्राफिक्स कार्ड नसतं, १२८ एमबी व्हिडिओ मेमरीवर किती नाचणार. त्यामुळे ट्रायलमध्ये हळू चाललं म्हणून विंडोज ११ हळू आहे असं म्हणू नका. आणि उलटंही म्हणू नका, हे जास्त महत्त्वाचं. आत चाललं म्हणजे तुमच्या पीसीवर चालेल असं मुळीच नाही! विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारी चिप) लागतं, सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) लागतं, इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आमच्या चौथ्या पिढीच्या बोर्डावर टीपीएम २.० नाहीच. तरी आत विंडोज ११ बसलं, कारण व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून टीपीएम सुद्धा खोटं खोटं बनवून देतं. म्हणजे पाहुण्याला जी खोली दिली तिच्यात आहे ते संडास-बाथरूम यजमानाच्या घरात नाहीये. मी पहिल्या आठवड्यात खूश होऊन घरी सांगितलं की नवीन मशीन घ्यायचीच गरज नाही, आपल्याच पीसीवर ११ पळतंय. मग भाच्याने समजावलं आणि मी गपचूप जेवायला बसलो.

अजून एक फसवणूक नाही पण फरक आहे. ट्रायल एंटरप्राइज एडिशनची आहे. सेटअपमध्ये ऑफिसचा किंवा शाळेचा अकाउंट मागतं, तिथे साइन-इन ऑप्शन्समध्ये जाऊन डोमेन जॉइनवालं निवडलं की साधा लोकल अकाउंट बनतो, ईमेल द्यायची गरज नाही. दुकानातून जो पीसी घ्याल त्याच्यात बहुतेक होम असणार, ते मायक्रोसॉफ्टचा अकाउंट आणि नेट मागतं. म्हणजे ट्रायलमध्ये जो सुटसुटीतपणा दिसला तो तुमच्या ताटात येईलच असं नाही.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते, मराठी टायपिंग आणि डाँगल.

आमच्या ताई हाताच्या टाइपरायटरवर शिकलेल्या, रेमिंग्टन. त्यांची बोटं जिथे जातात तिथेच अक्षर पाहिजे, त्यांना 'के ए म्हणजे का' सांगायला गेलात तर त्या तुमच्याकडे बघतात फक्त. स्पीड असा की गिऱ्हाईक बोलता बोलता पत्रिका टाइप होते, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' तर न बघता. हे सगळं आजोबांमधल्या त्या डाँगलवाल्या सॉफ्टवेअरवर, जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये, म्हणजे तो फॉन्ट असेल तरच मराठी दिसतं, नाहीतर भलतीच अक्षरं. तर आम्ही डाँगल काढून ट्रायलवाल्या पीसीला लावला, डिव्हायसेसमध्ये यूएसबीत जाऊन त्याच्यावर टिक मारली, टिक मारली की ती वस्तू यजमानाकडून निघून पाहुण्याकडे जाते, दोघांना एका वेळी मिळत नाही, प्रिंटरचं पण तसंच. विंडोज ११ ने डाँगल बघितला, टुंग आवाज केला, आणि पुढे काही नाही. सोबतच्या सीडीवरचा ड्रायव्हर ३२ बिटचा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं आणि ६४ बिट विंडोजमध्ये ३२ बिटचा ड्रायव्हर लोड होत नाही, हे काही सेटिंग नाही की खटपट करून जमेल, नाहीच होत. ज्यांनी ते सॉफ्टवेअर विकलं त्यांना फोन केला तर म्हणे नवीन व्हर्जन घ्या, जुन्याचा ६४ बिट ड्रायव्हर देत नाही. ठीक आहे, त्यांचा धंदा आहे.

म्हणजे 'सगळं चालतं हो साहेब' मधलं जे एक माझ्या पोटापाण्याचं होतं तेच चालत नव्हतं. हे मला सव्वा लाख घालवून तुळशीच्या लग्नानंतर ऐन गर्दीत कळलं असतं. ट्रायलमध्ये कळलं चौथ्या दिवशी, फुकटात. ह्या एका गोष्टीसाठी मी या सगळ्या प्रकाराला पाचपैकी साडेचार देतो, बाकी कासव वगैरे माफ.

जुने फॉन्ट नुसते कॉपी करून टाकले तर आत दिसतात, जुन्या पत्रिका उघडतात, छापता येतात, फक्त नवीन टाइप करता येत नाही. विंडोजमध्ये मराठीचे दोन कीबोर्ड आहेत, एक इन्स्क्रिप्ट, एक फोनेटिक, तो फोनेटिक विंडोज १० मध्येच २०१९ ला आला. माझ्यासारख्याला फोनेटिक मस्त. रेमिंग्टन नाही. ताईंनी दोन दिवस फोनेटिकवर प्रयत्न केला, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "दादा, मी हाताने लिहून देते, तुम्ही टाइप करा."

मग भाचा म्हणाला, व्हर्च्युअलबॉक्स आहेच तर दुसरा पाहुणा पण बोलवून बघू. लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टम, २२.२, त्याला झारा नाव दिलंय, सप्टेंबर २०२५ चं. ह्याला ट्रायलचा काटा नाही, ९० दिवस नाही, फॉर्म नाही, इन्स्टॉल न करता आयएसओवरूनच चालवून बघता येतं. मी अनिच्छेने हो म्हटलं कारण लिनक्स म्हणजे काळ्या स्क्रीनवर टाइप करणारी माणसं असं माझ्या डोक्यात. तसं काही नाही, खाली मेनू, उजवीकडे घड्याळ, चार जीबी रॅम दिली तरी विंडोजच्या आठपेक्षा हलकं चाललं. आणि मग मराठीसाठी आयबस आणि एम-सतरा-एन नावाचं पॅकेज टाकलं, त्यात मराठीच्या यादीत बघतो तर इन्स्क्रिप्ट, फोनेटिक, गमभन, आणि त्याच्या खाली रेमिंग्टन आणि टाइपरायटर! विकत घेतलेलं नाही, डाँगल नाही, सीडी नाही, युनिकोडमध्ये. ताईंना बसवलं. दोन ओळी टाइप केल्या, एकदोन जोडाक्षरं वेगळ्या जागी होती, त्या थांबल्या, शोधलं, परत चालू. मी विचारलं जमतंय का तर उत्तर नाही, टाइपच करत होत्या. आधी कुलदेवतेचं नाव, मग वधू-वर, मग आहेर आणू नये.

तिथे पण सगळं गोड नाही. आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर मिंटवर नाही, इंकस्केप आणि स्क्रायबस शिकावं लागतंय, मी अजून शिकतोच आहे आणि चिडतोच आहे. स्क्रायबसमधून प्रेसला लागतो तसा चार रंगांचा पीडीएफ निघतो, इंकस्केपमध्ये तेवढं नीट नाही. जुन्या नॉन-युनिकोड फाइलीतला मजकूर मिंटवर घेऊन काही उपयोग नाही, फॉन्ट बदलला की 'चि. सौ. कां.' चं भलतंच काहीतरी होतं. आणि टेंडरवाल्यांच्या डिजिटल सहीचा टोकन आम्ही मिंटवर लावायचा नाद सोडला. विंडोज ११ च्या आत तो टोकन पहिल्या झटक्यात चालला, यूएसबीवर टिक मारली, ड्रायव्हर टाकला, सही दिसली, हे पण लिहायला पाहिजे, नाहीतर ताईंच्या नादात विंडोजवर अन्याय होईल. सिंहस्थाच्या कामांमुळे टेंडरवाले ठेकेदार सध्या रोज दारात असतात, त्यामुळे हे माझ्यासाठी छोटं नाही.

एक अजून किस्सा. माझा एक मित्र लासलगावला कांद्याच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी आहे, त्याच्याकडे पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब) काढायचा प्रोग्रॅम डॉसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या जमान्यातला, कोणी बनवला तो माणूस पण आता नाही. त्याला ऐकून माहीत झालं की मी काहीतरी उद्योग करतोय, तो पेनड्राइव्ह घेऊन आला. विंडोज ११ च्या आत टाकला, विंडोजने सरळ सांगितलं की हे इथे चालणार नाही, कारण १६ बिटचे प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजमध्ये चालतच नाहीत. मग त्याच्यासाठी तिसरा पाहुणा, फ्रीडॉस, १.४, एप्रिल २०२५ चं, हो, २०२५ मध्ये डॉसचं नवीन व्हर्जन आलंय आणि ते पण फुकट. त्याला ३२ एमबी रॅम दिली, जीबी नाही, एमबी, आणि निळी स्क्रीन, पिवळी अक्षरं, क्विंटल, हमाली, तोलाई सगळं जसंच्या तसं. मित्राच्या डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं, कांद्याशिवाय. आता त्याच्या मालकाच्या नवीन पीसीत डॉस पाहुणा म्हणून राहतोय, म्हणजे मी नवीन बघायला जुन्याच्या आत टाकलं आणि त्याने जुनं टिकवायला नव्याच्या आत.

शेवटी घेतलं काय ते सांगतो, लोक हेच विचारतात. काउंटरला एकच नवीन छोटा पीसी घेतला, विंडोज ११ प्रो सकट, टेंडर, सह्या, फॉर्म सगळं त्याच्यावर. एका आय-फाइव्हवर मिंट पक्कं टाकलं, तो ताईंचा. दुसऱ्या आय-फाइव्हवर अजून विंडोज १० च आहे, वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे ती लावून घेतली, तोपर्यंत बघू. आजोबा कोपऱ्यात तसेच, नेट नाही, डाँगल परत त्यांच्या पाठीत. सव्वा लाखाच्या निम्म्याहून बरेच कमी गेले. एमजी रोडवाल्याला मी काही बोललो नाही, पीसी पण त्याच्याकडून घेतला नाही.

ट्रायल टाकली होती भाऊबीजेला, २३ ऑक्टोबरला, म्हणजे ९० दिवस भरले २१ जानेवारीला. किती दिवस राहिले ते बघायला आत कमांड विंडोत 'एसएलएमजीआर' लिहून जागा सोडून 'स्लॅश एक्सपीआर' मारायचं, तारीख दाखवतं. मुदत संपल्यावर डेस्कटॉप काळा होतो, कोपऱ्यात सारखी सूचना येत राहते आणि दर तासाला मशीन आपोआप बंद होतं. हे मला माहीत होतं आणि मी निवांत होतो, कारण आत काहीच खरं काम नव्हतं.

२३ जानेवारीला सकाळी मिसळवाल्याचा फोन, आमचं ते मेनू कार्ड झालं का, उद्या उद्घाटन आहे. ताई म्हणाल्या झालंय ना, मागच्याच आठवड्यात केलं. कुठे आहे? ताईंनी बोट दाखवलं, ट्रायलच्या डेस्कटॉपवर. त्यांना त्या आतल्या पीसीतलं डिझाइन सॉफ्टवेअर बरं वाटलं म्हणून तिथेच करून टाकलं होतं, आणि आत की बाहेर ह्याचं त्यांना काय. पाहुण्याला उठवलं, काळं डेस्कटॉप घेऊन उठला. वर यायलाच वेळ लागला, मग फाइल उघडली तर त्यात तर्री एक्स्ट्राचा रेट राहिलेला, मिसळवाल्याला परत फोन, तो उचलेना, ताई घड्याळ बघतायत, मी घड्याळ बघतोय, पेपरवाले काका पण बघायला उठून आले. पन्नासाव्या मिनिटाला रेट आला. टाकला, पीडीएफ काढला, शेअर्ड फोल्डरमध्ये ओढला, बाहेर येऊन उघडून बघितला. मग उजवं बटन, रिमूव्ह, सगळ्या फाइलींसकट डिलीट. एसएसडीत ५१ जीबी मोकळे झाले.